आक्का, तू पहिल्या पंगतीला बस

आक्का, काल तुझं उत्तरकार्य झालं आणि मी तुझ्या दारात भांडून आले. दुसरं कुणी सांगायच्या आत मीच तुला सांगते, कारण बाकीचे तिखटमीठ लावून सांगतील. तसं तिखटमीठ लावायला मी फारसं शिल्लक ठेवलेलंही नाही.

भांडणाचं मूळ म्हणजे आपली गेल्या वर्षीची ती सिंगापूरची बोट. गेल्या बारा दिवसांत जो कोण पावणा आला त्यानं चहाचा कप हातात घेऊन तेच विचारलं, "बोटीवर गेलत्या न्हवं का त्या? तिथनंच बिघडलं म्हणं." आणि तुझा प्रकाश, जो माझ्या मांडीवर खेळला, तो नुसता मान हलवायचा. रक्षाविसर्जनाहून परत आल्यावर तर तोंडावर म्हणाला, "मावशी, तू नर्स हायस. आईची साखर तुला म्हाईत हुती. तरी तिला बोटीवर न्हेऊन गोड खायला घातलंस. तूच मारलंस तिला."

मी आत जाऊन चहाचे कप विसळायला घेतले. आई गेलेल्या माणसाशी तिसऱ्या दिवशी कुठं भांडायचं? पण तुझे थोरले दीर, आबा, मध्ये पडले. सुपारी कातरत त्यांनी निवाडाच देऊन टाकला, "बाराव्याला चार माणसांत 'माझी चूक झाली' म्हणायचं. मग विषय मिटला." म्हणजे बघ, माझ्या हातनं माणूस मेलं, आणि शिक्षा काय, तर एक वाक्य. स्वस्तात सुटले म्हणायची मी!

तर आता जे घडलं ते मी सांगते. तुला सगळं माहीत आहे, पण मला एकदा पहिल्यापासून बोलायचंय, आणि तुझ्याशिवाय माझं असलं बोलणं ऐकून घेणारं कुणी उरलेलं नाही.

उचगावात पत्र्याच्या दोन खोल्यांत तू खानावळ काढलीस ती दाजी गेल्यावर. प्रकाश तेव्हा दुसरीत होता. कारखान्यातली माणसं दोन पाळ्यांत जेवायला यायची, सकाळी अकरापासून रांग. तू, शेवंता आणि अजून तिघी. तुम्ही पाचजणी चुलीपुढं आणि बाहेर चाळीस-पन्नास ताटं. शेवटचं गिऱ्हाईक हात धुवून गेलं की तू दारात येऊन विचारायचीस, "सगळ्यांची झाली काय?" बाहेरून कुणीतरी "व्हय" म्हणायचं, मग तू बसायचीस. तीन वाजलेले, कधी चार. ताटात काय? पातेल्याला लागलेला भात, आमटीचं पाणी, मोडकी चपाती आणि लोणचं. रविवारी मटण असायचं, तुझ्या वाट्याला नळीही यायची नाही, नुसता रस्सा. बत्तीस वर्षं. मी सुट्टीच्या दिवशी यायचे आणि डोकं आपटून घ्यायचे. "आक्का, वेळेवर जेव की!" "जेवतो की मागनं. गिऱ्हाईक उपाशी आन् मी जेवू व्हय? तुझं तर कायतरीच, सुमे."

नव्वद सालानंतर कधीतरी तुझ्या पायाचं बोट चिघळलं आणि ते भरेना, तेव्हा मीच रक्त तपासून घेतलं. साखर निघाली. मी सरकारी दवाखान्यात पस्तीस वर्षं नोकरी केली, साखरेची किती माणसं बघितली त्याला गणती नाही, पण माझ्याच बहिणीच्या रक्ताचा कागद मी तीनदा वाचला. त्या दिवसापासून आपलं भांडण चालू झालं ते तू जाईपर्यंत. साखर गोड खाण्यानं होते असं गाव म्हणतं. तू आयुष्यात गोड खाल्लंस कधी? लोकांच्या पोरींच्या लग्नात बुंदी तळलीस, तीही चाखून बघायला शेवंताला दिलीस. गोळी सकाळी घ्यायची आणि जेवायचं चारला! ह्याला मी काय म्हणायचं, आणि आबांनी काय म्हणायचं?

मी रिटायर झाले तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट होती. चार दिवस कुणीतरी दुसऱ्यानं रांधलेलं तुझ्यापुढं आणून ठेवायचं, आणि तू बसून खायचं. कोल्हापुरातला एक टूरवाला तेव्हा सिंगापूरला माणसं न्यायला लागला होता, त्यात तीन दिवसांची बोट. बोटीवर दिवसभर जेवण चालू असतं, पाहिजे तेवढं खा, असं त्याच्या कागदावर छापलं होतं. मी म्हटलं, बास, हीच जागा. तू आधी नाहीच म्हणालीस. मग विचारलंस, "तिथं सैपाक कोण करतंय?" मी म्हटलं, "शंभर-दीडशे आचारी." तू तव्यावरची चपाती उलटलीस आणि म्हणालीस, "बघू तर खरं." तुला समुद्र बघायचाच नव्हता. तुला ते स्वयंपाकघर बघायचं होतं.

बॅगेत तू दोन किलो कांदा-लसूण चटणी भरलीस. मी ओरडले, "विमानतळावर धरतील आक्का!" तू म्हणालीस, "धरू देत. खाऊन बघतील आन् सोडतील."

आणि तो पहिला दिवस. बोट सुटली आणि मला बोट लागली. चौतीस माणसांच्या टूरमध्ये नर्स मी, आणि मीच खोलीत आडवी! तुला म्हटलं, तू सगळ्यांबरोबर वर जा, जेवून ये. तू सकाळची गोळी घेतली होतीस, ती माझ्यासमोर घेतलीस. मी निर्धास्त झोपले. चारला डोकं जरा थांबलं म्हणून धडपडत वर गेले तर काय बघते? एवढा थोरला हॉल, खिडक्यांतून पाणी, टेबलंच टेबलं, लोक बश्या भरून फिरतायत. आणि तू भिंतीला पाठ लावून उभी. पदर खोचलेला, हात पोटावर.

"जेवलीस?"

"न्हाय अजून. सगळ्यांची होऊ देत की."

आक्का, बारापासून तू तिथं उभी होतीस. लोक येत होते, उठत होते, दुसरे बसत होते, आणि तू वाट बघत होतीस की ही पंगत संपेल, मग आपण बसू. टूर मॅनेजर साळोखे दोनदा येऊन गेले, तू त्यांना सांगितलंस, "तुम्ही जेवा, मी हाय." खानावळीच्या मालकिणीसारखं! पुढं आले तर तुझ्या कपाळावर घाम, ओठ पांढरे, बोटं थरथरतायत. गोळी पोटात आणि पोट रिकामं. साखर उतरली होती, जोरात. अजून अर्धा तास गेला असता तर तू तिथंच कोसळली असतीस, आणि मग मला खरंच बोटीवर नेऊन मारली म्हणायला लोक मोकळे होते.

मी ओरडले. कोणत्या भाषेत ओरडले देव जाणे. पांढऱ्या टोपीतला एक आचारी धावत आला. गोव्याचा निघाला, फ्रान्सिस. त्याच्या हातात जी बशी होती ती मी हिसकावून घेतली आणि चमच्यानं तुला भरवली. कॅरॅमल कस्टर्ड होतं. वरचा तांबूस पाक तुझ्या हनुवटीवरून ओघळला. पाच-सहा घास गेले, दहा मिनिटं गेली, तुझ्या तोंडावर रंग आला आणि तुझं पहिलं वाक्य काय? "खरवस हाय की ह्यो. वेलदोडा इसरल्यात."

मी रडत होते आणि हसत होते. फ्रान्सिसला मी सांगितलं की ही बाई सगळ्यांची जेवणं व्हायची वाट बघत चार तास उभी आहे. तो तुझ्यापुढं गुडघ्यावर बसला आणि त्याच्या गोव्याकडच्या बोलीत म्हणाला, "आजी, बोटीर सगळ्यांचं कधी होत नाय. एक उठता, दुसरो बसता. तुमी जेवून घेवा."

तू त्याच्याकडं बघत राहिलीस. मग मला विचारलंस, "कधीच होत न्हाय?" मी म्हटलं, "कधीच न्हाय." तू पुन्हा चमचा उचललास आणि उरलेलं कस्टर्ड संपवलंस, अगदी बशी पुसून.

तर प्रकाश, आबा आणि समस्त पावणेमंडळी, ऐका. बोटीवर मी हिला पहिलं गोड भरवलं ते औषध म्हणून. त्याबद्दल मी माफी मागणार नाही. जीव गेला तरी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दार उघडायच्या आत तू दारात हजर. पहिला नंबर! ऑम्लेटवाल्यापुढं जाऊन आपली चटणीची पुडी उघडलीस आणि खुणेनं सांगितलंस, हे घाल. त्यानं घातलं, चाखलं, खोकला, आणि आणखी घातलं. दुपारी फ्रान्सिसनं तुला आत नेऊन भटारखाना दाखवला. तू बाहेर आलीस ती माझा दंड धरून सांगायला लागलीस, "सुमे, त्यास्नी पण बसायला टेबल हाय. वेळेवर बसत्यात, पाळीपाळीनं. कुणी कुणासाठी थांबत न्हाय." तुला एवढ्या मोठ्या भट्ट्या आणि यंत्रं दिसली असतील, पण तू सांगितलंस ते आचाऱ्यांच्या टेबलाबद्दल.

आणि मग गोडाचं टेबल. आक्का, ते टेबल आठवलं की मला आजही हसू येतं. चॉकलेटचं कारंजं उडत होतं, लोक त्यात फळं बुडवत होते, फोटो काढत होते. तू कंबरेवर हात ठेवून विचारलंस, "हे घासतंय कोण?" ब्रेड पुडिंग चाखून म्हणालीस, "शिळ्या पावाचा मलिदा हाय ह्यो. हुशार हायत." चीजकेकला तू गोड चक्का ठरवलंस. तिरामिसूला मात्र नाक मुरडलंस, "चा सांडल्यागत लागतंय." ती कॉफी होती, पण मी वाद घातला नाही. आणि त्या काडीवरच्या भाजलेल्या चिकनबरोबर जी शेंगदाण्याची पातळ चटणी होती, ती तू तीनदा घेतलीस आणि म्हणालीस, ही खानावळीत करायची. प्रत्येक गोडाचा एकच चमचा, दिवसाला चार चमचे, बास, असा मी नियम घातला होता. सकाळ-संध्याकाळ साखर बघत होते, त्या मानानं गोळी ठरवत होते. दर जेवणानंतर तुला बोटीच्या कडेनं पाच फेऱ्या मारायला लावत होते. तू नऊवारीत झपाझप चालायचीस आणि गोरी माणसं बाजूला व्हायची. पस्तीस वर्षं मी झोपा काढल्या नाहीत दवाखान्यात.

आता ती गोष्ट, जी मी कुणाला सांगितली नव्हती.

शेवटच्या दिवशी संध्याकाळच्या जेवणाला त्यांनी दिवे मालवले. गाणी लागली, आणि वेटरांची रांग आली, प्रत्येकाच्या हातात एक केक आणि केकवर ज्योत. बेक्ड अलास्का. आत आईस्क्रीम, वर अंड्याच्या पांढऱ्याचा फेस, आणि तो फेस भाजलेला. तू टाळ्या वाजवत होतीस. मला कोपरानं ढोसून विचारलंस, "आग हाय वर, मग आतलं आईस्क्रीम वितळत कसं न्हाय?" मला काय ठाऊक! तूच विचार करून म्हणालीस, "फेसाची गोधडी पांघरलीया त्याला." फ्रान्सिसनं स्वतः येऊन तुझ्यापुढं बशी ठेवली. मोठा तुकडा.

आणि मी ती बशी ओढून घेतली. त्या संध्याकाळी साखर तीनशेच्या वर गेली होती. दुपारी तू माझ्या नजरेआड दोन पाव लोणी लावून खाल्ले होतेस, मी चिडलेले होते.

"एक चमचा," तू म्हणालीस.

"एक पण न्हाय."

"चाखतो फकस्त."

"न्हाय म्हटलं की न्हाय, आक्का."

तू हट्ट केला नाहीस. तू कधीच केला नाहीस. "बरं. पुढच्या खेपंला," म्हणालीस, आणि बशी माझ्याकडं सारलीस. "मग तू खा. पैसं दिल्यात न्हवं."

आणि मी खाल्लं. तुझ्यासमोर. तू माझ्या तोंडाकडं बघत होतीस, खानावळीत गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघायचीस तशी. "कसं लागतंय?" मी म्हटलं, "काय विशेष न्हाय."

परत आल्यावर तू बदललीस, हे प्रकाश म्हणतो ते खरं आहे. चूल पेटायच्या आधी तू शेवंताला आणि तिघींना बसवून बोटीवर काय खावं ह्याचं व्याख्यान दिलंस, जणू त्या उद्याच निघाल्यात. पहिलं गोडाचं टेबल बघून यायचं, मग पोटात किती जागा ठेवायची ते ठरवायचं. भाताकडं वळायचं न्हाय, भात घरी हाय. गरम पाव सोडायचा न्हाय. आणि दुसऱ्या दिवसापासून बारा वाजता, बाहेर गिऱ्हाइकांची रांग असताना, तू ताट घेऊन बसलीस. तुम्ही सगळ्या बसलात. पाळीपाळीनं, वेळेवर, गरम. प्रकाश गल्ल्यावरून आत आला आणि ओरडला, "आई, माणसं उभी हायत भाईर!" तू घास गिळून म्हणालीस, "सगळ्यांची कधीच हुत न्हायत, पक्या. बोटीवर बघून आलोया मी."

अकरा महिने तू वेळेवर जेवलीस. त्या अकरा महिन्यांत दर महिन्याला तुझी साखर मीच बघत होते. पंधरा वर्षांत नव्हती इतकी ती ताब्यात होती. हृदय मात्र आधीच शिणलं होतं, त्याला तीस वर्षांचा हिशेब होता, अकरा महिन्यांत तो फिटत नाही. सकाळी चहा पिता पिता गेलीस. तुला गोडानं नेलं नाही, आक्का. उपाशी राहण्यानं नेलं. आणि ह्यांतल्या एकानंही बत्तीस वर्षांत कधी विचारलं नाही, की तू जेवलीस काय.

काल मांडव घातला होता. बुंदी, पुऱ्या, वांग्याची भाजी, भात-आमटी. रांधलं कुणी? शेवंतानं आणि तिघींनीच. पहाटेपासून उभ्या. पहिल्या पंगतीची पानं मांडली आणि आबा खाकरून म्हणाले, "सुमन, काय ते बोलून घे. म्हणजे माणसं जेवायला मोकळी."

मी उभी राहिले. म्हटलं, "व्हय. माझ्या हातनं चूक झालीया." आबांनी मान डोलवली. प्रकाशनं खाली बघितलं. मी म्हटलं, "बोटीवर शेवटच्या दिवशी माझ्या बहिणीनं एक चमचा मागितला आणि मी तो अडवला. ती चूक झाली. बाकी जे खाऊ घातलं, ते उद्या उठून आली तर परत खाऊ घालीन."

कुणी काही बोलायच्या आत मी आत गेले आणि शेवंताचा हात धरून तिला बाहेर आणली. तिघींनाही आणलं. पहिल्या पानांवर बसवलं. "अवो, पावणं जेवायचं हायत," शेवंता रडकुंडीला आली. मी म्हटलं, "बस." मग कोपऱ्यातला बर्फाचा डबा उघडला. सकाळी मी शहरात जाऊन आईस्क्रीम आणलं होतं. बाराव्याला आईस्क्रीम! एक काकू म्हणाल्याच, "हे काय लगीन हाय व्हय?" मी पहिला चमचा शेवंताच्या पानावर वाढला. भाताच्या आधी, बुंदीच्याही आधी.

शेवंतानं हात लावला नाही. चारी बाजूंनी उभ्या माणसांकडं बघत तिनं हळूच विचारलं, "सगळ्यांची झाली काय?"

आक्का, तुझ्याच आवाजात विचारलं गं तिनं.

आबा घड्याळ बघत म्हणाले, "अजून किती येळ उभं ऱ्हायचं माणसांनी?" मी म्हटलं, "ह्या बत्तीस वर्षं उभ्या हायत. तुम्ही अर्धा तास ऱ्हावा." तेव्हा प्रकाश पुढं आला. मला वाटलं, आता हा मला हाताला धरून बाहेर काढणार. त्यानं पुऱ्यांची परात उचलली आणि शेवंताच्या पानापासून वाढायला सुरुवात केली. माझ्याशी बोलला नाही. अजून बोललेला नाही. बोलेल, नाही तर नाही बोलणार.

तुझ्या फोटोपुढं कुणीतरी बुंदीची वाटी ठेवली होती. आईस्क्रीम मी तिथं ठेवलं नाही, तुझ्यासमोर ते नुसतं वितळत बघायची माझी तयारी नव्हती. तुझ्या वाट्याचं मी माझ्या पानावर घेतलं, शेवंताच्या शेजारी मांडी घालून बसले, आणि सगळ्यांच्या आधी खाल्लं.

बोटीवर त्या दिवशी मी तुझ्याशी खोटं बोलले, आक्का. फार चांगलं लागत होतं.